वारुळावरच्या सात्या आणि खालाचा डोळा



आषाढात पाऊस नीट बसला, दोन-चार दिवस झड लागून मग उघडीप पडली, की आमच्या गोंदियाच्या बाजारात एका सकाळी अचानक सात्या दिसतात. आदल्या दिवशी नावही नसते. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला चार बाया पळसाची पाने अंथरून बसलेल्या आणि पानांवर माती लागलेले पांढरे-करडे ढीग. भाव विचारला तर मटणाच्या भावाला भिडणारा. तरी दुपारपर्यंत पाने रिकामी. सात्या म्हणजे रानात आपोआप उगवणारी, खाण्याजोगी अळंबी. झाडीपट्टीत तिला सात्या म्हणतात, विदर्भात इतर ठिकाणी टेकोडे, शेजारच्या बालाघाटकडे पिहरी, छत्तीसगडकडे फुटू. आमच्यासारख्या उर्दू बोलणाऱ्या घरांत मात्र सगळ्यांना एकच नाव : खुंबी.

या एकाच नावाने गेल्या पावसाळ्यात आमच्या खालाचा डोळा जवळजवळ घालवला होता. चूक आमचीच होती, म्हणून तीच आधी सांगतो.

खालाला मोतीबिंदू. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितलेली. तिला भीती. अशा वेळी कुणीतरी तिच्या फोनवर उर्दूतला एक मजकूर पाठवला : खुंबीचे पाणी डोळ्यांसाठी शिफा आहे, हदीसमध्ये आले आहे. खाला शिकलेली नाही, पण बारीक विचारणारी आहे. तिने आम्हाला फोन केला. “बेटा, तुम तो उर्दू पढाते हो. ये खुंबी याने क्या?” आम्ही वह्या तपासत होतो. मान वर न करता सांगितले, “अरे खाला, वही, बरसात में छतरी जैसी निकलती है.” शब्दकोशाप्रमाणे उत्तर बरोबर होते. पैकीच्या पैकी गुण मिळावेत इतके बरोबर.

तिसऱ्या दिवशी खालाने न्हाणीघराच्या भिंतीशी उगवलेल्या छत्र्या खुडल्या, मलमलीच्या फडक्यात पिळल्या, बिस्मिल्लाह म्हणून दोन थेंब डोळ्यात घातले. रात्रीपर्यंत डोळा लाल, पापणी सुजलेली, पाण्याची धार. सकाळी नेत्रतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी डोळा धुतला, बुबुळावरचा पडदा सोलवटल्याचे सांगितले आणि पंधरा दिवस औषधे चालवली. नजर वाचली, अल्हमदुलिल्लाह. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चार महिने पुढे गेली आणि त्या चार महिन्यांत खाला जिना चढताना आमचा हात धरून चढत असे. प्रत्येक पायरीला आम्हाला ते उत्तर आठवे.

त्यानंतर आम्ही जे शोधले, विचारले आणि पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

सर्वप्रथम हदीसविषयी. ती खरी आहे आणि सहीह आहे. हजरत सईद बिन जैद (रजि.) यांच्याकडून ती आली आहे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आशय असा की, कम्आ हा मन्नपैकी आहे आणि त्याचे पाणी डोळ्यासाठी शिफा आहे. अरबी शब्द आहे ‘कम्आ’. उर्दू अनुवादांत त्याच्या जागी ‘खुंबी’ लिहिले जाते, कारण उर्दूत जवळचा दुसरा शब्दच नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना विचारले, तेव्हा त्यांनी हसून एवढेच म्हटले, “मास्टरनीजी, अरब के रेगिस्तान में आप के हम्माम की दीवार कहाँ से आई?”

कम्आ ही अरबस्तानच्या वाळवंटात जमिनीच्या आत वाढणारी गाठ आहे. तिला छत्री नाही, दांडा नाही. दिसायला लहान बटाट्यासारखी. शरद ऋतूत पाऊस पडला, विजा कडाडल्या, की पुढच्या महिन्यांत वाळूला बारीक भेग पडते आणि जाणकार माणूस तिथे काठीने उकरतो. अरबांनी तिला मेघगर्जनेची वनस्पती म्हटले आहे. वाळवंटातल्या एका छोट्या झुडपाच्या मुळांशी तिची भागीदारी असते. झुडूप नाही, तर कम्आ नाही. आजही आखाती देशांत ती ‘फगा’ या नावाने भारी किमतीला विकली जाते. आपल्यापैकी ज्यांच्या घरातले कुणी तिकडे नोकरीला आहे, त्यांनी विचारून पाहावे.

दुसरी गोष्ट अशी की, हे पाणी वापरायचे कसे, यावर आपल्या आलिमांनी शेकडो वर्षांपूर्वीच बारकाईने विचार केलेला आहे. इसवी सन 1350 मध्ये वारलेले इमाम इब्न कय्यिम यांनी तिब्बे नबवीच्या चर्चेत वेगवेगळी मते नोंदवली आहेत. काहींच्या मते ते पाणी एकटे वापरायचे नसून डोळ्याच्या इतर औषधांत मिसळायचे, काहींच्या मते कम्आ आधी भाजून घ्यायची. म्हणजे ज्यांच्यासमोर खरी कम्आ होती, तेही थांबून विचार करत होते. आणि आम्ही मान वर न करता उत्तर दिले. हदीस बरोबर, शब्दकोशही बरोबर. पण दोन्हींच्या मध्ये ‘कोणती?’ हा प्रश्न होता, तो आम्ही विचारला नाही.

मग आमच्या मनात आले, आपल्याकडे हा प्रश्न कोण विचारते? उत्तर बाजारातच बसलेले होते.

सात्या विकणाऱ्या एका आजीबाईंकडून आम्ही दरवर्षी घेतो. सालेकसा तालुक्यातल्या जंगलालगतच्या गावातल्या, गोंड समाजाच्या. त्यांना खालाची हकीकत सांगितली. त्यांनी कपाळावर हात मारला. “आंगनातली कोनी घेते का, बाई? ते सात्या नोहे जी. सात्या वारुळाची रायते.” आणि मग त्यांनी आम्हालाच उलट प्रश्न विचारला : “तुमच्या बोलीत सगळीले एकच नाव हाये का?” आम्ही दोन भाषा शिकवतो, बी.एड. केलेले आहे. पण त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्याकडे वारुळावरच्या मोठ्या सात्यांना एक नाव, बारीक सात्यांना दुसरे, बांबूच्या रांजीतल्यांना तिसरे. आणि ज्या खायच्या नाहीत त्यांना नावच नाही, फक्त हाताने दूर सारायचे. खायच्या वस्तूला नाव द्यायचे आणि न खायच्या वस्तूला नाव न देता ओळखायचे, ही त्यांची पद्धत.

एका रविवारी त्यांनी आम्हाला सोबत नेले. आम्ही, मुलांचे अब्बा आणि दोन्ही मुले. गावाच्या मागे साग, ऐन, धावडा, मोह आणि तेंदूचे मिश्र जंगल. रात्रभर पाऊस होऊन गेलेला. चिखलातून एक मैलभर चाललो असू. एका ऐनाच्या झाडाजवळ कमरेएवढे वारूळ होते. त्याच्या पायथ्याशी जमीन पांढरी दिसत होती, जणू कुणी तांदळाच्या लाह्या सांडल्या असाव्यात. वाकून पाहिले तर नखाएवढ्या टोपीच्या, आगकाडीएवढ्या दांड्याच्या बारीक सात्या, शेकड्यांनी. मुलगा पुढे धावला, तर आजीबाईंनी त्याचा हात धरला. आधी त्यांनी भोवताल पाहिला, काठीने पाचोळा हलवला, कारण वारुळात साप असतो आणि झुडपाआड रानडुक्कर. मग दोन बोटांनी सात्या अलगद वर उचलायला सुरुवात केली. विळा नाही, खुरपे नाही, उकरणे नाही. काठाकडच्या, पूर्ण उमललेल्या तशाच ठेवल्या. विचारले तर म्हणाल्या, “हे वारुळासाठी.”

हे ‘वारुळासाठी’ म्हणजे काय, ते घरी येऊन वाचले, तेव्हा कळले की आजीबाईंच्या एका शब्दात मोठे शास्त्र आहे.

आपण समजतो की सात्या आपोआप उगवतात, कुणी पेरत नाही. खरे म्हणजे त्या पेरलेल्या असतात. पेरणारी असते वाळवी, आपली दीमक. वारूळ बांधणाऱ्या वाळवीच्या काही जाती सुका पाला आणि लाकूड गोळा करतात, पण त्यातला कठीण भाग त्यांना नीट पचत नाही. म्हणून त्या हा माल चावून वारुळाच्या पोटात त्याची मधमाशीच्या पोळ्यासारखी सच्छिद्र रचना करतात आणि तीवर एक विशिष्ट बुरशी वाढवतात. बुरशी लाकूड मऊ करते, आणि वाळवी ते मुरलेले पोळे आणि त्यावरचे टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे दाणे खाते. दुसरी बुरशी शिरू नये म्हणून कामकरी वाळव्या सतत साफसफाई करतात, आपण शेतात निंदण करतो तशी. वारुळातली वाळवी मेली, तर थोड्याच दिवसांत तणासारखी दुसरी बुरशी त्या बागेचा ताबा घेते.

माणसाने शेती सुरू केली त्याला साधारण दहा-बारा हजार वर्षे झाली. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. फ्रेंच संशोधक रोजे हेम यांनी 1942 मध्ये या बुरशीच्या घराण्याला ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव दिले. अर्थ सरळ आहे : वाळवीची बुरशी. याच घराण्यातली झांबियातली एक जात इतकी मोठी होते की तिची टोपी जवळजवळ एक मीटर रुंद भरते. आणि आमच्या ऐनाखालची, नखाएवढी, हीसुद्धा त्याच घराण्यातली.

पावसाळ्यात जमीन भिजली की ही बुरशी वर येऊन छत्री काढते. मोठ्या सात्यांचा दांडा जमिनीखाली मुळासारखा लांब जात थेट त्या पोळ्यापर्यंत पोहोचलेला असतो. म्हणून सात्या उपटताना हातात लांब शेपूट येते. टोपीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो, माती फोडून वर येण्यासाठी. बारीक सात्यांची तऱ्हा निराळी. वाळवी स्वतःच जुन्या पोळ्याचे तुकडे वर आणून टाकते आणि त्यांवर त्या शेकड्यांनी उमलतात. उमललेल्या छत्रीतून जी सूक्ष्म बीजे गळतात, त्यांतून पुढे नव्या वारुळांना बुरशी मिळते. आजीबाईंनी काठावरच्या सोडल्या त्या म्हणूनच.

आपल्याला वाळवी माहीत आहे ती शत्रू म्हणून, दाराची चौकट आणि कपाटातली पुस्तके खाणारी. कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत सुलेमान (अलै.) यांच्या वफातीचा प्रसंग आहे. ते काठीला टेकून उभे होते, जिन्नांना त्यांचा मृत्यू कळला नाही, आणि जमिनीतल्या एका कीटकाने आतून काठी पोखरली तेव्हा कळला. हा कीटक म्हणजे वाळवी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. बलाढ्य जिन्नांना जे कळले नाही ते एका क्षुद्र कीटकाने उघड केले. हा किस्सा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वारुळाजवळ उभे राहून मुलीने विचारले, “अम्मी, वही दीमक?” आम्ही म्हटले, हो बेटा, त्याच घराण्यातली. लाकूड खाण्याचे तेच काम इथे जंगलात रहमत होते. पडलेला पाला आणि लाकूड मातीत परत जाते, माती भुसभुशीत होते, आणि वर आपल्या दस्तरखानाला सालन मिळते.

आता एक प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनीही विचारला : मग ही सात्या दुकानातल्या मशरूमसारखी घरी का पिकवत नाहीत?

समजायला सोपे जावे म्हणून अळंबीच्या पोट भरण्याच्या तीन रीती सांगतो. पहिली, मेलेल्या पाल्यावर, तणसावर, खतावर जगणारी. दुकानातली बटण मशरूम आणि धिंगरी या रीतीच्या. त्या माणसाला पिकवता येतात. दुसरी, जिवंत झाडाच्या मुळांशी भागीदारी करणारी. ती झाडाला जमिनीतले पाणी आणि क्षार पुरवते, झाड तिला साखर देते. अरबांची कम्आ अशी. युरोपात जिच्यामागे लोक वेडे आहेत ती शँटरेल नावाची, अंड्याच्या बलकाच्या रंगाची, जर्दाळूसारखा वास येणारी लहान अळंबी अशीच. तिच्या टोपीखाली पानांसारखी पाती नसतात, नुसत्या वळकट्या असतात. आपल्याकडे हिमालयात आणि सालवनांत तिच्या घराण्यातल्या जाती सापडतात. बस्तरच्या साल वृक्षांखाली मिळणारा, लहान बटाट्यासारखा गोल ‘बोडा’ हाही मुळांचाच भागीदार. आणि तिसरी रीत, आमच्या सात्यांची : कीटकाशी भागीदारी.

दुसऱ्या रीतीतल्या बऱ्याच जाती आणि तिसरी रीत माणसाला बाजारापुरती जमलेली नाही. शँटरेल श्रीमंत देशांतही जंगलातूनच आणावी लागते. सात्या हव्या असतील तर वारूळ हवे, वारूळ हवे तर जंगल हवे. आणि जंगलातून सुखरूप घरी आणायच्या तर आजीबाई हव्यात. या साखळीतली एक कडी तुटली की पैसे मोजूनही सात्या मिळणार नाहीत.

म्हणून वारूळ दिसले की फोडायचे, त्यात विषारी औषध ओतायचे, ही आपली सवय जरा थांबवून पाहावी. घराला लागून असेल तर गोष्ट वेगळी, घराचे रक्षण केलेच पाहिजे. पण शेताच्या बांधावरचे, मोकळ्या पडीतले, दफनभूमीच्या कडेचे वारूळ कुणाचे काय घेते? आमचे हिंदू शेजारी नागपंचमीला वारुळाची पूजा करतात. आपली अकीदा वेगळी, आपण पूजा करत नाही. पण विनाकारण कुठल्या जिवाचे घर मोडू नये, हे तर आपल्यालाही शिकवलेले आहे. रस्ते आणि प्लॉट पाडताना यंत्राने एका फेरीत जी वारुळे सपाट होतात, ती बांधायला वाळवीला वर्षानुवर्षे लागलेली असतात. आजीबाई म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी गावाच्या वेशीवर सात्या मिळत, आता मैलभर चालावे लागते.

त्या मैलभरात त्यांना वाघाची भीतीही असते. आमच्या जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, 2013 मध्ये घोषित झालेला. राखीव भागात जाऊन काही गोळा करायला मनाई आहे आणि ती पाळलीच पाहिजे. बाकी जंगलात, 2006 च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणजे त्या रस्त्याच्या कडेला बसतात ते कुणाच्या मेहरबानीवर नव्हे. त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करताना हे लक्षात असावे. आपण भाजीचे पैसे देतो असे वाटते, पण त्यात त्यांच्या ओळखण्याचे पैसेही असतात. आणि ती ओळख चुकली तर काय होते, तेही ऐका.

एप्रिल 2022 मध्ये आसामच्या चहामळ्यांच्या भागात रानटी अळंबी खाऊन 13 जण दगावले. अळंबीच्या सर्वांत घातक विषाची चाल अशी की, खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या आणि जुलाब. मग एक दिवस बरे वाटते, घरचे निश्चिंत होतात, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. शिजवल्याने हे विष जात नाही. बाजारात चांदीचे नाणे टाकून पाहा, लसूण काळा पडतो का पाहा, किड्याने खाल्ली असेल तर सुरक्षित, असे सांगणारे भेटतात. हे सगळे खोटे आहे. एकही खूण भरवशाची नाही. पावसाळ्यात गवतावर, मैदानावर, उकिरड्याजवळ मोठी पांढरी, खवल्यांची छत्री उगवते. तिच्या दांड्याला कडे असते आणि खालची पाती पुढे हिरवट होतात. ती सात्यांसारखी वाटते, म्हणून पुष्कळ जण फसतात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होतात.

त्यामुळे आमच्या घरात आता काही नियम ठरले आहेत. आपल्यालाही ते पटतील असे वाटते.

आपण स्वतः रानातून किंवा अंगणातून अळंबी खुडायची नाही. हा लेख वाचूनही नाही. कागदावरचे वर्णन म्हणजे ओळख नव्हे, वर्षानुवर्षे बघितलेली नजर म्हणजे ओळख. घ्यायची ती ओळखीच्या बाईकडूनच, आणि कोणत्या जागेवरची ते विचारून. मिश्र ढीग घ्यायचा नाही. घरी आणल्यावर पुन्हा एकेक बघायची, वेगळी दिसेल ती टाकायची. चांगली शिजवूनच खायची. पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच खावी, लहान मुलांना आणि गरोदर बायांना देऊ नये. दोन-तीन कच्च्या सात्या कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवायच्या. कुणाला त्रास झाला तर 108 ला फोन करायचा, रुग्णालयात जायचे आणि तो कागद सोबत न्यायचा, डॉक्टरांना निदानाला मदत होते. बरे वाटले म्हणून परतायचे नाही. आणि डोळ्यात कुठल्याही अळंबीचे पाणी घालायचे नाही. जाणूनबुजून स्वतःला संकटात लोटणे आपल्या दीनमध्ये मना आहे.

ज्यांना अळंबी आवडते पण ही जोखीम नको, त्यांनी धिंगरी घरीच पिकवून पाहावी. आमचा जिल्हा धानाचा, तणसाला तोटा नाही. भिजवून, गरम पाण्यातून काढून निर्जंतुक केलेले तणस पिशवीत भरायचे, थरांमध्ये धिंगरीचे बियाणे पेरायचे, सावलीत आणि ओलाव्यात ठेवायचे. तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी मिळते. कृषी विज्ञान केंद्रात विचारले तर माहिती मिळू शकते. बचत गटातल्या भगिनींना हा बरा धंदा होऊ शकेल.

सात्यांचे सालन मात्र आम्ही वर्षातून दोनदा करतोच. शेपटीची माती चाकूने खरवडायची, मिठाच्या पाण्यात चार-पाच वेळा धुवायच्या, मोठ्या असतील तर हाताने चिरायच्या. तेलात कांदा लालसर परतून आले-लसूण, हळद, तिखट, धणे पूड, मग सात्या. पाणी घालायचे नाही, त्या स्वतःचे पाणी सोडतात. त्याच पाण्यात मंद आचेवर शिजू द्यायच्या आणि पाणी आटले की वरून कोथिंबीर. गरम भातासोबत अम्मी हे वाढायची तेव्हा अब्बा म्हणायचे, मेहनत के बग़ैर मिली हुई नेमत है, शुक्र करो. मन्नचा अर्थही आलिमांनी असाच सांगितला आहे : नांगरणी-पेरणीशिवाय मिळालेले रिज्क. आता जेवायला बसताना आम्ही मुलांना एवढे आणखी सांगतो की आपली मेहनत नाही हे खरे, पण त्यात वाळवीची आहे, झाडाची आहे आणि मैलभर चालून आलेल्या आजीबाईंची आहे. शुक्र त्या सगळ्यांची आठवण ठेवून करावा.

खालाची शस्त्रक्रिया थंडीत झाली, नीट झाली. पट्टी काढल्यावर दुसऱ्या आठवड्यात तिने आमच्याकडे येऊन तसबीह ओवताना मणी मोजून दाखवले. मग म्हणाली, “बेटा, अब किसी बच्चे को खुंबी का माना बताओ, तो पूरा बताना.”

या वर्षी वर्गात तो शब्द आला. आम्ही फळ्यावर एक अर्थ लिहिला नाही. तीन चित्रे काढली : वाळूतली गाठ, वारुळावरची छत्री, भिंतीजवळची छत्री. आणि मुलांना म्हटले, नाव एकच आहे. आता सांगा, कोणती विचारताय?